गच्चीवरच्या सेंद्रिय बटाट्याचे उत्पन्न कसे वाढवावे : पहिल्यांदा लावणाऱ्यांसाठी

पुण्यातल्या आमच्या गच्चीवर मी पहिल्यांदा बटाटा लावला तेव्हा एक किलो बेण्यातून (लावायच्या बटाट्यांतून) सातशे ग्रॅम बटाटे निघाले, म्हणजे लावले त्याहून कमी. स्वयंपाकघरात कोंभ आलेले बटाटे होते, संक्रांतीच्या सुट्टीत हाताला वेळ होता, आणि पिशव्यांत शेणखत भरपूर होते. पाला कमरेएवढा वाढला, शेजाऱ्यांनी कौतुक केले, आणि एप्रिलमध्ये पिशवी उपडी केली तेव्हा मातीतून गोट्या निघाल्या. त्यानंतरची दोन वर्षे मी खत बदलत राहिलो. चूक खतात नव्हती, हे कळायला तेवढा वेळ गेला. आता त्याच गच्चीवर एका किलोचे आठ-नऊ किलो होतात आणि त्यासाठी खताचा खर्च वाढलेला नाही.

बटाट्याविषयी एक गोष्ट आधी नीट समजून घेतली, तर पुढच्या बहुतेक सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. बटाटा हे मूळ नाही, ते फुगलेले खोड आहे. लावलेल्या बेण्यातून जे खोड वर येते, त्याच्या मातीखालच्या पेरांतून आडव्या, पांढऱ्या फांद्या निघतात आणि त्या फांद्यांचे शेंडे फुगून बटाटा तयार होतो. म्हणून बटाटा लावलेल्या बेण्याच्या वरच्या आणि आजूबाजूच्या मातीत धरतो, खाली फारसा धरत नाही. तो शेंडा फुगायचा की नाही, हे मुख्यतः रात्रीचे तापमान ठरवते. रात्र साधारण २० अंशांच्या खाली असेल तर पानांत तयार झालेले अन्न खाली उतरते. रात्र उबदार असेल तर झाड ते अन्न पाल्यात खर्च करते. माझ्या पहिल्या वर्षीचा कमरेएवढा पाला हा त्याचाच पुरावा होता.

लागणारे साहित्य

दहा पिशव्यांच्या हिशेबाने : ४० लिटरच्या, किमान ४० सेंटिमीटर उंचीच्या दहा पिशव्या किंवा तळाला भोके पाडलेले तितकेच जुने डबे, एक ते सव्वा किलो बेणे, माती, पूर्ण कुजलेले शेणखत आणि थोडे गांडूळखत, कोकोपीट, एक किलो निंबोळी पेंड, ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची पुडी, आच्छादनासाठी उसाचे पाचट किंवा वाळका पालापाचोळा, पिशव्यांभोवती गुंडाळायला गोणपाट, निंबोळी तेल आणि फवारणीचा लहान पंप, मातीचा सामू (पीएच) तपासण्याच्या कागदी पट्ट्या. याखेरीज एक वही, जिच्यात लावणीची, उगवणीची आणि खोडाला मातीची भर दिल्याची तारीख लिहायची आहे. भिजलेली पिशवी ४० किलोंच्या आसपास भरते, त्यामुळे जुन्या इमारतीत दहा पिशव्या गच्चीच्या मधोमध मांडू नयेत; खाली तुळई किंवा भिंत असेल तिथे, कडेने मांडाव्यात.

१. आधी तारीख ठरवा

महाराष्ट्राच्या पठारी भागात घरच्या लागवडीसाठी ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा हा सर्वांत भरवशाचा काळ आहे. हिशेब सरळ आहे. लावणीनंतर दहा ते पंधरा दिवसांत कोंभ मातीबाहेर येतात, तिसाव्या-पस्तिसाव्या दिवसाच्या सुमारास बटाटा धरू लागतो आणि पुढचे सहा-सात आठवडे तो पोसतो. २५ ऑक्टोबरला लावलेला बटाटा नोव्हेंबरच्या अखेरीस धरतो आणि पोसण्याचा सगळा काळ डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत जातो. मी जानेवारीच्या मध्याला लावला होता. तो धरायला लागला तेव्हा फेब्रुवारी सरत आला होता आणि दुपार तापू लागली होती. आठवड्या-दोन आठवड्यांच्या उशिराने फारसे बिघडत नाही, पण डिसेंबरच्या मध्यानंतर लावू नका, बेणे फुकट मिळाले तरी लावू नका.

कोकणात आणि मुंबईत थंडीचा काळ आखूड असतो. तिथे नोव्हेंबरच्या मध्याला लवकर तयार होणारा वाण लावावा आणि पुण्या-नाशिकच्या तुलनेत उत्पन्न कमी येईल हे धरून चालावे. पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात, सातगाव पठारावर, पावसाळ्यातही बटाटा घेतात आणि त्याचे नाव ऐकून बरेच जण जूनमध्ये गच्चीवर प्रयोग करतात. पठाराची उंची, तिथली निचऱ्याची जमीन आणि थंड ढगाळ हवा आपल्या गच्चीवर नसते. नवख्याने खरिपाच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

२. बेणे निवडा, भाजीचा बटाटा लावू नका

कोंभ आलेला भाजीचा बटाटा उगवतो, यात शंका नाही. पण त्याच्याबरोबर काय उगवेल याचा भरवसा नसतो. बटाट्याचे विषाणूजन्य रोग कंदातूनच पुढच्या पिढीत जातात. झाड उगवते, पाने मुरडतात, वाढ खुजी राहते आणि आपण खत घालत बसतो. शिवाय साठवणीत कोंभ येऊ नयेत म्हणून काही बटाट्यांवर औषधाची प्रक्रिया केलेली असते, ते महिनोन्महिने डोळे उघडत नाहीत.

पुणे जिल्ह्यात मंचरच्या बाजारात हंगामाच्या तोंडावर पंजाबातून बेणे येते. ते पन्नास किलोंच्या गोणीने विकले जाते, त्यामुळे आपल्याला किलोभर हवे असेल तर लावणी करणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याला विनंती करणे किंवा सात-आठ बागप्रेमींनी मिळून एक गोण घेणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. वाणांत कुफरी पुखराज आणि कुफरी चंद्रमुखी लवकर तयार होतात, कुफरी ज्योती थोडा जास्त वेळ घेतो, आणि कुफरी सूर्या उष्णता इतरांपेक्षा अधिक सोसतो म्हणून कोकणातल्या वाचकांनी त्याचा शोध घ्यावा. कुफरी लवकर हा वाण दख्खनच्या पठारासाठीच निघाला होता, आजही कुठे मिळाला तर जरूर लावून पाहा. (सगळ्यांच्या नावामागे असलेले कुफरी हे शिमल्याजवळचे गाव आहे, तिथे या वाणांच्या पैदाशीचे काम झाले. बटाटा हा शब्द आपल्याला पोर्तुगिजांनी दिला, वाण मात्र हिमाचलाने.)

बेणे कोंबडीच्या अंड्याएवढे, ३० ते ५० ग्रॅम वजनाचे घ्यावे. मोठे मिळाले तर कापून लावता येते, प्रत्येक फोडीला किमान दोन डोळे ठेवून. पण कापल्यावर दोन-तीन दिवस सावलीत ठेवून कापलेल्या बाजूने कोरडी साल धरल्याशिवाय ती फोड मातीत घालू नये, आणि प्रत्येक बटाटा कापण्यापूर्वी सुरी उकळत्या पाण्यात बुडवावी. एका कुजक्या बटाट्याचा रोग सुरीवरून सगळ्या फोडींना लागतो. पहिल्या वर्षी अख्खे लहान बेणे लावावे आणि हा विषयच टाळावा.

३. कोंभ आणूनच लावणी करा

नवा काढलेला बटाटा साधारण आठ ते दहा आठवडे झोपलेला असतो, त्या काळात लावला तरी उगवत नाही. शीतगृहातून आलेल्या बेण्याची झोप पूर्ण झालेली असते, पण ते थेट थंडीतून मातीत घालू नये. दहा-पंधरा दिवस अंड्यांच्या ट्रेमध्ये, जास्त डोळे असलेली बाजू वर करून, खोलीत उजेड असेल पण ऊन येणार नाही अशा जागी ठेवावे. उजेडात आलेले कोंभ आखूड, जाड आणि हिरवट-जांभळे होतात. अंधाऱ्या कपाटात आलेले लांब, पांढरे कोंभ लावताना हमखास मोडतात. कोंभ एक-दीड सेंटिमीटरचे झाले की लावणीची वेळ झाली.

शेंड्याचा एकच कोंभ जोराने वाढत असेल, तर तो बोटाने खुडून टाकावा. आठवड्यात इतर डोळे फुटतात. प्रत्येक कोंभ म्हणजे एक खोड आणि प्रत्येक खोडाला स्वतःचे बटाटे, हे गणित इथे लागू होते. पण त्याला दुसरी बाजू आहे : खोडे फार झाली की बटाट्यांची संख्या वाढते आणि आकार घटतो. एका बेण्याला तीन-चार जोमदार कोंभ असणे पुरेसे आहे.

४. माती : पोकळ, निचऱ्याची आणि चुन्यापासून दूर

दोन भाग माती, एक भाग शेणखत, अर्धा भाग गांडूळखत आणि अर्धा भाग कोकोपीट हे मिश्रण मला चांगले जमले आहे. शिवाय प्रत्येक पिशवीला शंभर ग्रॅम निंबोळी पेंड. मिश्रणात ट्रायकोडर्मा मिसळून ते लावणीपूर्वी आठवडाभर ओलसर, सावलीत झाकून ठेवावे. मूठभर माती हातात दाबून सोडली की गोळा व्हावा आणि बोट लावताच तो फुटावा, इतकाच ओलावा म्हणजे वाफसा असावा.

या टप्प्यावर तीन चुका वारंवार होतात, आणि त्या मी तिन्ही केल्या आहेत.

पहिली, ताजे किंवा अर्धवट कुजलेले शेणखत. त्यात हुमणीची अळी येते, जी बटाट्याला भोके पाडते, आणि कुजताना निर्माण होणारी उष्णता कोंभांना मारते. कुजलेल्या शेणखताला शेणाचा वास येत नाही, पावसाळी मातीचा येतो.

दुसरी चूक राखेची. पालाश (पोटॅश) मिळते म्हणून चुलीची राख मुठीमुठीने घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. बटाट्याला किंचित आम्ल माती, म्हणजे साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यानचा सामू आवडतो. आपल्या काळ्या मातीचा सामू बहुधा साडेसातच्या वर असतो, आणि राख तो आणखी वर नेते. परिणामी बटाट्याच्या सालीवर खरबरीत, खपलीसारखे डाग पडतात. कोकणातल्या तांबड्या, आम्ल मातीत राख चिमूटभर चालते. देशावरच्या काळ्या मातीत ती घालू नये. पट्टीने सामू तपासून मगच ठरवावे, शेजाऱ्याच्या अनुभवावरून नव्हे.

तिसरी चूक नत्राची. खत म्हणजे जोर, अशी आपली समजूत असते. नत्र जास्त झाले की झाड पाल्याला लागते आणि बटाटा धरणे लांबते. लावणीच्या वेळी घातलेले शेणखत पहिला महिना पुरते. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी पातळ केलेले जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन आंबवून केलेले द्रावण) पिशवीला अर्धा लिटर द्यावे आणि साठ दिवसांनंतर तेही थांबवावे. केळीच्या साली भिजवून केलेल्या पाण्याने माझ्या बटाट्यांत काही फरक पडलेला दिसला नाही. करायचे असल्यास करावे, अपेक्षा ठेवू नये.

टोमॅटो, वांगी आणि मिरची ही बटाट्याची भावकी आहे. गेल्या हंगामात ज्या मातीत ती होती, ती माती बटाट्याला वापरू नये. त्यांचे रोग मातीत दबा धरून बसलेले असतात.

५. लावणी

पिशवीत तळाला १५ सेंटिमीटर मिश्रण भरावे, त्यावर दोन किंवा तीन बेणी कोंभ वर करून एकमेकांपासून सारख्या अंतरावर ठेवावीत आणि वर आठ ते दहा सेंटिमीटर मिश्रण पसरावे. पिशवीचा वरचा भाग रिकामा राहतो, ते बरोबर आहे. दहा पिशव्यांत तीस बेणी म्हणजे सव्वा किलो पुरते. हाव धरून पिशवीत पाच-सहा घातली की सुपारीएवढे बटाटे मिळतात. जमिनीत लावायचे असल्यास दोन ओळींत ६० आणि दोन बेण्यांत २० सेंटिमीटर अंतर ठेवावे.

लावणीनंतर एकदाच बेताचे पाणी द्यावे आणि कोंभ दिसेपर्यंत माती फक्त ओलसर राहू द्यावी. या दिवसांत रोज पाणी घालणाऱ्यांचे बेणे मातीत कुजते, आणि मग बेणे खराब होते असा निष्कर्ष निघतो.

गच्चीवरचा एक प्रश्न शेतात नसतो. काळी पिशवी नोव्हेंबरच्या उन्हातही तापते आणि हवेतली थंडी मुळांपर्यंत पोहोचत नाही. दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या बाजूने गोणपाट गुंडाळणे, पिशव्या एकमेकींना चिकटवून ठेवणे आणि वर पाच सेंटिमीटर पाचट पसरणे, एवढ्याने मातीत हाताला जाणवण्याइतका फरक पडतो. पानांना मात्र किमान सहा तास ऊन हवेच. सावली मातीला द्यायची आहे, झाडाला नाही.

६. मातीची भर : उत्पन्नाचा सर्वांत मोठा टप्पा

झाड १५ ते २० सेंटिमीटर उंच झाले, म्हणजे लावणीनंतर साधारण २५ ते ३० दिवसांनी, पहिली भर द्यावी. खोडाचा खालचा निम्मा भाग झाकला जाईल इतके मिश्रण हलक्या हाताने भोवती टाकावे. खालची दोन-चार पाने मातीत गेली तरी हरकत नाही. पंधरा दिवसांनी दुसरी भर. त्यानंतर पिशवी जवळजवळ भरलेली असते आणि ढवळाढवळ थांबवायची असते, कारण आतल्या पांढऱ्या फांद्या नाजूक असतात आणि खुरपे लागले की तुटतात.

भर देण्याची दोन कारणे आहेत. आडव्या फांदीचा शेंडा मातीबाहेर उजेडात आला तर तो फुगत नाही, त्याला पाने फुटतात आणि एक बटाटा कमी होतो. शिवाय फुगलेल्या बटाट्यावर उजेड पडला तर तो हिरवा होतो आणि त्यात सोलानिन हे विषारी द्रव्य वाढते. म्हणून दर आठवड्याला एकदा पाचट बाजूला सारून भेग पडली आहे का, एखादा बटाटा डोकावतो आहे का, हे पाहावे आणि लगेच माती टाकावी.

भर देणे फायद्याचे असेल तर भर देतच राहावे, मीटरभर उंच पिंप घ्यावे आणि थरावर थर बटाटे काढावेत, अशी कल्पना बरीच लोकप्रिय आहे. मीही एका वर्षी दोनशे लिटरचे पिंप भरले. बटाटे खालच्या हातभर मातीत निघाले, वरच्या सगळ्या मातीत फक्त खोड होते. आपल्याकडचे लवकर तयार होणारे वाण ठरावीक दिवसांत एकदाच बटाटे धरतात. नंतर उंची वाढवून नवे थर लागत नाहीत. ४० ते ४५ सेंटिमीटरपलीकडची उंची म्हणजे माती वाया.

७. पाणी

पस्तिसाव्या दिवसापासून सत्तराव्या दिवसापर्यंत माती कधीही पूर्ण कोरडी पडू देऊ नये. बटाटा धरण्याच्या दिवसांत माती सुकली की संख्या घटते आणि खपलीचा रोगही बळावतो. आधी कोरडे आणि मग भरपूर पाणी असे झाले तर बटाटा तडकतो, त्याला गाठी येतात किंवा तो आतून पोकळ होतो. बोट पाच सेंटिमीटर आत घालावे, तिथे कोरडे लागले तर पाणी द्यावे. पाणी सकाळी, खोडाशी, पाने न भिजवता द्यावे. प्रवासाला जाणार असाल तर ही जबाबदारी ज्याच्यावर सोपवाल त्याला हे बोट घालणे आधी शिकवून जावे. आमच्याकडे एका हंगामात ‘रोज एक बादली’ असा निरोप दिला गेला आणि दहापैकी चार पिशव्या कुजल्या.

८. रोग आणि किडी ओळखा, मगच फवारा

करपा दोन प्रकारचा असतो आणि दोन्हींची घाई वेगळी आहे. खालच्या जुन्या पानांवर तपकिरी, आत एकात एक कडी दिसणारे ठिपके असतील तर तो लवकर येणारा करपा. ती पाने खुडावीत, बहुतेक वेळा तेवढे पुरते. पानाच्या कडेपासून पाणी लागल्यासारखे काळपट डाग पसरत असतील आणि सकाळी पान उलटून पाहिल्यावर डागाच्या कडेला पांढरी बुरशी दिसत असेल, तर तो उशिरा येणारा करपा. थंड, ढगाळ, दमट हवेत तो चार-पाच दिवसांत सगळी पिशवी संपवतो. नोव्हेंबर-डिसेंबरात अवकाळी पावसाचे लक्षण दिसले की त्याआधीच एक टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना यांचे) फवारावे. रोग पसरल्यावर फवारून उपयोग होत नाही. ताम्रयुक्त असले तरी सेंद्रिय शेतीत बोर्डो मर्यादित प्रमाणात चालते. रोगट पाला खताच्या खड्ड्यात टाकू नये.

झाड हिरवेगार असताना अचानक मान टाकत असेल, तर खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात उभा धरावा. दुधासारखी धार पाण्यात उतरली तर तो जिवाणूजन्य मर रोग आहे. त्याला औषध नाही. पिशवी मातीसकट बाहेर काढावी आणि ती माती पुन्हा भाजीला वापरू नये.

मावा आणि तुडतुडे यांसाठी लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि साबणाचे थोडे पाणी मिसळून संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने फवारावे. भर उन्हात तेल फवारले तर पाने जळतात. माव्याने रस शोषला यापेक्षा तो विषाणू पसरवतो, हे जास्त नुकसानीचे असते.

फुलांची वाट पाहू नका. अनेक वाणांना आपल्याकडे फूल येतच नाही आणि आले तरी उत्पन्नाशी त्याचा संबंध नाही. फुलांनंतर कधी टोमॅटोसारखी हिरवी फळे धरतात. ती विषारी असतात, घरात लहान मुले असल्यास लगेच खुडून टाकावीत.

९. काढणी

पुखराज आणि चंद्रमुखी साधारण ७५ ते ९० दिवसांत, ज्योती त्यानंतर तयार होतो. पाला पिवळा पडू लागला की पाणी बंद करावे. आठ-दहा दिवसांनी पाला मातीच्या पातळीवर कापून टाकावा आणि बटाटे आणखी दहा दिवस तसेच मातीत राहू द्यावेत. या दहा दिवसांत साल पक्की होते. एक बटाटा काढून अंगठ्याने घासावा. साल निघाली तर अजून थांबावे. घाईने काढलेला बटाटा चवीला उत्तम असतो पण टिकत नाही, त्यामुळे एखादी पिशवी मटारबरोबर भाजीला लवकर मोकळी करावी आणि बाकीच्या नियमाने काढाव्यात.

पिशवी ताडपत्रीवर उपडी करावी, खुरपे वापरू नये. बटाटे धुऊ नयेत. कापलेले, टोचलेले आधी खायला घ्यावेत, हिरवे झालेले टाकून द्यावेत, कारण सोलानिन शिजवून जात नाही.

१०. साठवण आणि पुढच्या वर्षीचे बेणे

दोन आठवडे सावलीत, वारा खेळेल अशा जागी पातळ पसरून गोणपाटाने झाकून ठेवल्यावर सालीवरच्या बारीक जखमा भरतात. नंतर बांबूच्या टोपलीत, अंधारात, कांद्यांपासून दूर ठेवावेत. खेड-आंबेगावच्या बाजूला शेतकरी झाडाच्या सावलीत अरणी (बटाट्याचे ढीग) लावून, वर पाला झाकून बटाटा ठेवत आले आहेत. घरी त्याचीच लहान नक्कल करता येते : टोपलीच्या तळाला आणि वर घाणेरीच्या किंवा कडुनिंबाच्या वाळक्या पानांचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर द्यावा. तो बटाट्यावरच्या पाकोळीला, म्हणजे लहान पतंगाला, अटकाव करतो. ही पाकोळी डोळ्यांपाशी अंडी घालते, अळी आत बोगदे पाडते आणि बाहेर फक्त काळसर विष्ठा दिसते. दर आठवड्याला टोपली चाळून असा बटाटा काढून टाकावा. मार्चनंतर उष्णता वाढते आणि घरात बटाटा फार टिकत नाही, म्हणून तोपर्यंत संपवण्याच्याच बेताने लावावा.

बेण्यासाठी बटाटे राखून ठेवायचे असल्यास ते पिशव्या उपड्या करताना निवडू नयेत, डिसेंबरातच निवडावेत. ज्या झाडाची पाने मुरडलेली किंवा ठिपकेदार नाहीत, त्या पिशवीला सुतळी बांधून खूण करावी आणि फक्त त्याच पिशवीतले अंड्याएवढे बटाटे वेगळे ठेवावेत. मात्र ऑक्टोबरपर्यंतचा आपला उन्हाळा घरात काढणे त्यांना जड जाते. ओळखीच्या शीतगृहात एखाद्या शेतकऱ्याच्या गोणीबरोबर ते ठेवता आले तरच हा खटाटोप करावा. त्यातही दोन हंगामांनंतर विषाणू साचून उत्पन्न घसरू लागते आणि नवे बेणे आणावे लागते. मी आता दर वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस शेतकऱ्याला फोन करून सव्वा किलो सांगून ठेवतो.